वादळाची लेक

खेळ आणि मी यांचे संबंध पहिल्यापासून सलोख्याचे आहेत. म्हणजे मी त्याच्या वाटेला जात नाही आणि तो माझ्या वाटेला येत नाही. शाळेत असताना कबड्डीच्या संघात मला एकदा घेतलं होतं, पण ते चुना पसरायला कुणीतरी हवं होतं म्हणून. पुढे नोकरीत छत्तीस वर्षं हिशेबखात्यात काढली. तिथे जी काही पळापळ व्हायची ती ऑडिट आलं की. अशा माणसाने एका खेळाच्या संघाचा इतिहास लिहायला बसावं, तोही ऑस्ट्रेलियातल्या, तोही बायकांच्या, हे वाचून माझे जुने सहकारी चष्मे पुसतील याची मला कल्पना आहे. पण त्याचं असं झालं.

२०१७ च्या मे महिन्यात आम्ही उभयता लेकीकडे ब्रिस्बेनला गेलो. विमानतळावर आमची नऊ वर्षांची नात समोर आली ती जांभळा झगा घालून, आणि त्याच्या छातीवर इंग्रजीत दोन मोठी अक्षरं: डब्ल्यू. डी. मी आयुष्यभर सरकारी पत्रव्यवहार केलेला. मी म्हटलं, "अरे वा! पुढचा पी कुठे गेला? पी. डब्ल्यू. डी. ना?" नातीने आजीकडे पाहिलं. आजीने आकाशाकडे पाहिलं.

डब्ल्यू. डी. म्हणजे 'विंग डिफेन्स', आणि खेळाचं नाव नेटबॉल, हे मला गाडीत बसल्यावर समजलं. नेटबॉल म्हणजे जाळीवरून चेंडू मारायचा खेळ असावा, असं मी धरून चाललो होतो. तसं काही नाही. दहा फूट उंच खांबाला एक कडी, कडीला जाळी, आणि तीतून चेंडू खाली टाकायचा. बास्केटबॉलसारखंच, पण मागे फळी नाही. आपटून आत घालायची सोय नाही. गेला तर गेला. प्रत्येक बाजूला सात जणी, पंधरा-पंधरा मिनिटांचे चार डाव. चेंडू हातात आला की पळायचं नाही. तो तीन सेकंदांच्या आत दुसरीला द्यायचा. जिच्या हातात चेंडू आहे तिला अडवायचं, पण तीन फूट लांब उभं राहून.

हे शेवटचं कलम ऐकल्यावर मला माझी आजी आठवली. ती सोवळ्यात असली की आम्ही पोरं अशीच तीन फुटांवरून हात पसरून उभी राहायचो, आणि ती लाडू टाकायची. तेव्हा आम्ही नेटबॉल खेळत होतो हे कुणी सांगितलं नाही, नाहीतर आज आमच्याही नावावर काहीतरी असतं.

बाकीचा खेळ मात्र मला लगेच समजला, कारण तो आमच्या कचेरीसारखा आहे. प्रत्येकीच्या छातीवर तिच्या हुद्द्याची अक्षरं. प्रत्येकीचं कार्यक्षेत्र आखून दिलेलं; रेघेपलीकडे पाऊल टाकलं की शिट्टी. सात जणींपैकी गोल करायचा अधिकार फक्त दोघींना, जसा आमच्याकडे सहीचा. बाकीच्या पाच जणींनी कागद पुढे सरकवायचा. फरक एवढाच, की इथे कागद तीन सेकंदांपेक्षा जास्त वेळ कुणाच्या टेबलावर राहत नाही. तेवढ्या एका कारणासाठी मी या खेळाला मनोमन नमस्कार केला.

आता इतिहास. १८९१ च्या डिसेंबरात अमेरिकेत जेम्स नेस्मिथ यांनी बास्केटबॉल काढला. पुढल्याच वर्षी सेंडा बेरेन्सन या बाईंनी तो मुलींना शिकवला आणि मैदानाचे तीन भाग करून टाकले. कारण काय, तर बायकांना फार पळायला लागू नये, दम लागू नये! १८९३ साली हा खेळ इंग्लंडमध्ये मार्टिना बर्गमन-ओस्टरबर्ग यांच्या कॉलेजात पोचला, तिथे त्याची फळी गेली, नियम बदलले, आणि इंग्रज जिथे जिथे गेले तिथे तिथे शिक्षिकांबरोबर तो गेला. ऑस्ट्रेलियात तर १९७० पर्यंत त्याला 'बायकांचा बास्केटबॉल' म्हणत. प्रत्येक देशाचे नियम वेगळे. ते एकत्र बसून १९६० साली ठरले, ते कुठे? तर आपल्या शेजारी, सिलोनमध्ये. पहिली जागतिक स्पर्धा १९६३ साली इंग्लंडात ईस्टबोर्नला झाली. ऑस्ट्रेलियाने न्यूझीलंडला ३७-३६ असं हरवलं. तेव्हापासून या दोन देशांतल्या बायका एका-एका गोलासाठी भांडताहेत. तळमजला आणि पहिला मजला नळाच्या पाण्यासाठी भांडतात, तशा.

आमच्या नातीचा संघ म्हणजे 'सनशाइन कोस्ट लाइटनिंग'. ब्रिस्बेनच्या उत्तरेला शंभरेक किलोमीटरवर समुद्रकाठचा हा मुलूख. लाइटनिंग म्हणजे वीज. ही वीज पडली कशी, त्याची गंमत आहे.

२००८ पासून ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड यांची मिळून एक स्पर्धा चालत असे. ती २०१६ ला संपली. ऑस्ट्रेलियाने स्वतःची आठ संघांची नवी स्पर्धा काढली, 'सुपर नेटबॉल', २०१७ पासून. पाच संघ जुने होते. तीन नवे हवे होते. ते तीनही घेतले पुरुषांच्या फुटबॉल क्लबांनी! त्याच सुमाराला तिकडे बायकांच्या फुटबॉलची मोठी स्पर्धाही सुरू झाली होती. चपळ मुली कुणाकडे जातात अशी ओढाताण लागलेली. जो तो आपल्या घरात लेक असावी म्हणून धडपडत होता. आपल्याकडे हे ऐकूनसुद्धा खरं वाटत नाही.

त्यांपैकी मेलबर्नचा एक रग्बीचा क्लब, नाव 'स्टॉर्म', म्हणजे वादळ. १९९८ ला पहिला हंगाम खेळला, आणि १९९९ ला, दुसऱ्याच वर्षी, विजेता झाला. या वादळाने चौदाशे-पंधराशे किलोमीटर लांबच्या सनशाइन कोस्टच्या विद्यापीठाशी भागी केली. विद्यापीठही तरुणच, १९९६ साली पहिले विद्यार्थी घेतलेलं. दोघांनी मिळून काढलेल्या संघाचं नाव ठेवलं 'वीज', आणि कपडे दिले बापाच्या रंगाचे, जांभळे. वादळाच्या पोटी वीज जन्मली, हे आपल्या पुराणांत शोभण्यासारखं आहे. आमच्या गुरुजींना सांगितलं असतं तर त्यांनी नक्षत्रही काढून दिलं असतं.

आता पैशाची गोष्ट, कारण हिशेबखात्यातला माणूस इथेच जागा होतो. जावयाने मला आकडे सांगितले आणि मी सवयीप्रमाणे पन्नासने गुणत गेलो. (परदेशात गेलेला मराठी माणूस पाढे विसरत नाही तो याच कारणाने. तिथे दोन कप कॉफी म्हणजे चारशे रुपये, हा पाढा मी पहिल्याच दिवशी पाठ केला आणि नंतर कॉफी सोडली.) नव्या स्पर्धेत आठ संघ, प्रत्येकात दहा जणी, म्हणजे ऐंशी खेळाडू. सगळ्यांना मिळून वर्षाला ५४ लाख डॉलर. सरासरी ६७,५०० डॉलर. कमीत कमी २७,३७५ डॉलर.

"पावणेचौदा लाख रुपये!" मी म्हटलं. "आणि सरासरी पावणेचौतीस! चेंडू फेकायचे?"

"बाबा," जावई म्हणाला, "आधी कमीत कमी १३,२५० होते. इथे त्यात घरभाडंसुद्धा निघत नाही. मुली सकाळी सराव करायच्या, दिवसा नोकरी नाहीतर कॉलेज, संध्याकाळी परत सराव. पुरुषांच्या फुटबॉलवाल्यांचे आकडे सांगू का?"

त्याने ते सांगितले. मी गुणाकार अर्ध्यावर सोडला.

नुसता पैसा लावून संघ होत नाही. संघ जमवायला त्यांनी आणली नोएलीन टाउरुआ ही न्यूझीलंडची मार्गदर्शक. हिने २०१२ साली वायकाटो बे ऑफ प्लेंटी मॅजिक या संघाला जुनी स्पर्धा जिंकून दिली होती. त्या सगळ्या वर्षांत न्यूझीलंडच्या संघाने स्पर्धा जिंकली ती तेवढीच एकदा. तरी २०१५ साली राष्ट्रीय संघाचं पद भरायचं होतं तेव्हा तिला निवडलं नाही. कचेरीत अशा गोष्टी होतात, त्यांवर मी भाष्य करत नाही. मला हेडक्लार्क व्हायला अकरा वर्षं लागली.

तिने जमवलेल्या मुली म्हणजे लग्नातल्या पंगतीसारख्या, ठिकठिकाणच्या. कर्णधार जीवा मेंटर इंग्लंडची, काम गोल अडवणं. कार्ला मोस्टर्ट, जिचं नाव पुढे लग्नानंतर प्रिटोरियस झालं, दक्षिण आफ्रिकेची. लॉरा लँगमन न्यूझीलंडची. देशाबाहेरच्या स्पर्धेत खेळायला गेली म्हणून तिथल्या नियमाने तिला राष्ट्रीय संघाबाहेर बसावं लागलं, तरी आली. गोल करायला ऑस्ट्रेलियाची केटलिन बॅसेट, उंची सहा फूट चार इंच. हिला पाहून आमच्या सौ.चा पहिला उद्गार होता, "माळ्यावरचे डबे काढायला शिडी नको!"

आमचे जावई मात्र ब्रिस्बेनच्या 'फायरबर्ड्‌स' संघाचे. तो २०१५ आणि २०१६ चा विजेता, त्यामुळे काल जन्मलेल्या विजेकडे ते सासऱ्याच्या नजरेने पाहत. घरात बाप एका संघाचा, लेक दुसऱ्या. जेवताना पोळी मागितली तरी संघ विचारून वाढायची वेळ आली. पण फायरबर्ड्‌स अंतिम सामन्यापर्यंत पोचले नाहीत, आणि वीज पोचली. मान लाइटनिंगचा म्हणून सामना त्यांच्या घरी व्हायचा. पण विद्यापीठातलं त्यांचं मैदान त्या गर्दीला पुरणारं नव्हतं, म्हणून तो ब्रिस्बेनला हलवला. १७ जून २०१७, शनिवार. समोर सिडनीचा 'जायंट्‌स', हाही त्याच वर्षी जन्मलेला.

मी छत्री घेऊन निघालो. जून महिना, न जाणो पाऊस आला तर. "आजोबा, वर छप्पर आहे," नात म्हणाली. तिकडे जूनमध्ये थंडी असते हेही मला तिनेच सांगितलं. छत्री शेवटपर्यंत मांडीवर राहिली आणि मागच्या बाईंच्या गुडघ्याला दोनदा लागली.

सामना सुरू झाला. मला चेंडू दिसायच्या आत तो दुसरीकडे गेलेला असायचा. बायकांना दम लागू नये म्हणून मैदानाचे तुकडे केले म्हणे! त्या तुकड्यांत या मुली अशा भिंगरीसारख्या फिरत होत्या की बघून मला दम लागला. मी टाळ्या वाजवायचं ठरवलं की लोक थांबलेले असायचे. अशा वेळी शेजारून सौ. म्हणाली, "पाऊल सरकलं."

आणि पंचांची शिट्टी वाजली. पाऊल सरकलं होतं.

मी दुर्लक्ष केलं. थोड्या वेळाने ती पुन्हा म्हणाली, "ही डावीकडे हूल देणार आणि उजवीकडे जाणार." लँगमन डावीकडे झुकली आणि उजवीकडे गेली. पुढे "आता ती चेंडू मध्येच उचलणार बघा," म्हणते तोवर त्या मोस्टर्ट नावाच्या मुलीने झेप घेऊन चेंडू उचललासुद्धा.

"तुला काय कळतं गं यातलं?" मी विचारलं.

नवऱ्यांनी हा प्रश्न फार वेळा विचारलेला असतो, त्यामुळे तो तोंडातून आपोआप निघतो. सौ.ने मैदानावरची नजर हलवली नाही. "चार वर्षं खो-खो खेळलेय मी," ती म्हणाली. "हूल पायावरून कळते. डोळ्यांवरून नाही."

लाइटनिंगने सामना ६५-४८ असा जिंकला. पहिलंच वर्ष आणि पहिलाच चषक. त्या मोस्टर्टलाच सामन्यातली सर्वोत्तम खेळाडू ठरवलं. नात आजीच्या गळ्यात पडून नाचत होती, आणि मी छत्री धरून उभा होतो. खो-खो? चव्वेचाळीस वर्षं झाली होती आमच्या लग्नाला.

मग रात्री अंथरुणावर पडल्यापडल्या मला सगळं आठवलं. १९७३ साली मी तिला पाहायला गेलो होतो. पोहे झाले. गाता येतं का, विणकाम येतं का, ही प्रश्नावली झाली. तिचे वडील हौसेने म्हणाले, "मुलगी खो-खो छान खेळते. तिच्या संघाने जिल्ह्यात पहिला नंबर काढलाय." आमची आई म्हणाली, "आता ते पुरे झालं." आणि मी, वातावरण जरा हलकं करावं म्हणून, म्हणालो होतो, "आता काय, संसाराला खो!" सगळे हसले. दोन्हीकडचे मामा तर पुढे कित्येक वर्षं तो विनोद सांगत. माझ्या हजरजबाबीपणाचा नमुना म्हणून मी स्वतःही तो बऱ्याच ठिकाणी सांगितला आहे. त्या खोलीत एक माणूस हसलं नव्हतं, हे मला चव्वेचाळीस वर्षांनी, ब्रिस्बेनमध्ये, रात्री साडेअकराला आठवलं.

"झोपलीस का?" मी विचारलं.

"नाही. अजून शिट्ट्या वाजताहेत कानांत."

"तू पुढे का नाही खेळलीस?"

"कुठे खेळणार होते? तुमच्या स्वयंपाकघरात?" ती म्हणाली आणि कुशीवर वळली. तिच्या आवाजात राग नव्हता. असता तर मला झोप लागली असती.

पुण्याला परतल्यावर विजेची बातमी फोनवरून येत राहिली. एप्रिल २०१८ मध्ये गोल्ड कोस्टच्या राष्ट्रकुल स्पर्धेत अंतिम सामना इंग्लंड-ऑस्ट्रेलिया. म्हणजे एकाच संघातल्या दोघी समोरासमोर: ऑस्ट्रेलियाची कर्णधार बॅसेट गोल करणार, आणि मेंटर तिला अडवणार. इंग्लंडने तो ५२-५१ असा अगदी शेवटच्या क्षणी जिंकला. मग दोघी परत येऊन एकाच बाजूने खेळल्या! आमच्या सोसायटीत पार्किंगवरून बोलणं बंद झालेले दोन सदस्य आहेत, त्यांना मी ही हकीकत मुद्दाम सांगितली. दोघांना वेगवेगळी सांगावी लागली.

त्या वर्षी लाइटनिंग चौथ्या नंबरवर, म्हणजे बाद फेरीच्या उंबऱ्यावर जेमतेम पोचली. तिथून एकही सामना न हरता ती अंतिम फेरीत पर्थला गेली, 'वेस्ट कोस्ट फीव्हर'च्या घरी, तेरा हजारांहून अधिक लोक विरुद्ध बाजूला. दिवस २६ ऑगस्ट, नेमकी राखीपौर्णिमा. हिचा भाऊ पाटावर, हातात तबक, आणि फोन वाजला. ६२-५९! सलग दुसरा चषक! सौ. तबक तसंच ठेवून बोलत राहिली, नारळीभात खाली लागला, आणि मेहुण्याची राखी पाऊण तास लांबली. त्याला वाटलं ब्रिस्बेनला कुणी बाळंत झालं.

त्याच वर्षी टाउरुआबाईंना, पूर्वी नाकारलेलं न्यूझीलंडच्या राष्ट्रीय संघाचं पद चालून आलं. जुलै २०१९ मध्ये लिव्हरपूलला विश्वचषकाचा अंतिम सामना झाला. न्यूझीलंडने ऑस्ट्रेलियाला हरवलं, ते पुन्हा ५२-५१ नेच. जिंकणाऱ्या संघाची मार्गदर्शक टाउरुआ, कर्णधार लँगमन, आणि स्पर्धेतली सर्वोत्तम खेळाडू कार्ला प्रिटोरियस: तिघीही आमच्या विजेच्या घरच्या. क्रिकेटचा विश्वचषक न्यूझीलंडच्या हातून चौकारांच्या मोजणीवर निसटला होता त्याला जेमतेम आठवडा झाला होता. आमच्या वाड्यावरचे मित्र अजून त्याच मोजणीत होते. मी त्यांना नेटबॉलची बातमी दिली. "नेट काय?" त्यांनी विचारलं, आणि मला एकदम मी विमानतळावर उभा असलेला दिसलो.

सप्टेंबर २०१९ मध्ये, गणपती नुकतेच पोचवले होते तेव्हा, नव्या मार्गदर्शक काइली बर्न यांच्या हाताखाली लाइटनिंग सलग तिसऱ्यांदा अंतिम फेरीत गेली आणि सिडनीच्या 'स्विफ्ट्‌स'कडून ४७-६४ अशी सपाटून हरली. मेंटर आणि बॅसेट त्याआधीच दुसऱ्या संघांत गेल्या होत्या. नात फोनवर मुसमुसत होती. आजी तिला म्हणाली, "तीन वर्षांत तीनदा तिथवर जाणं म्हणजे गंमत नाही. मला तर एकदाच जायला मिळालं." आणि मग तिला सांगितलं, की बक्षीस म्हणून पितळेचा डबा मिळाला होता.

"दाखव!" नात म्हणाली. तिकडचा फोन तोंड दाखवणारा असतो.

तो डबा मला माहीत होता. गेली शेहेचाळीस वर्षं आमच्या घरात तूरडाळ त्यातच असते. त्याच्या पोटावर ठिपक्याठिपक्यांनी काहीतरी कोरलेलं आहे, हेही मी पाहिलं होतं. पण माहेरच्या भांड्यावर कुणा ना कुणाचं नाव असतंच, ते कोण वाचतं? मी स्टूल घेतलं, माळ्यावरच्या फळीवरून डबा काढला, खिडकीशी नेऊन चष्मा लावला आणि मोठ्याने वाचला. तिचं माहेरचं नाव. त्याखाली 'खो-खो, प्रथम क्रमांक, १९६९'.

"आजोबा, नीट दिसत नाही. कॅमेऱ्यासमोर तिरका धरा," नात म्हणाली.

मी तिरका धरला. झाकण सैल होतं. दोन किलो तूरडाळ स्वयंपाकघरभर पसरली. सौ. जागची हलली नाही. ती नातीला जिल्ह्याच्या सामन्यातला शेवटचा डाव सांगत होती, आणि खांबाला हूल कशी द्यायची हे दाखवायला तिने खुर्ची मध्ये घेतली होती. मी खाली बसलो आणि डाळ गोळा करायला लागलो. तीन सेकंदांत आवरणं काही जमलं नाही.